वडावरचे शेजारी



महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका वडाची गोष्ट सांगतात. बुंध्याशी बिळात पलित नावाचा उंदीर, फांद्यांवर लोमश नावाचा बोका. एका रात्री लोमश पारध्याच्या जाळ्यात सापडतो आणि त्याच वेळी पलितावर खालून मुंगूस व वरून घुबड टपते. उंदीर बोक्याच्याच कुशीत आश्रय घेतो आणि मोबदल्यात जाळे कुरतडू लागतो. मात्र शेवटचा दोर पहाटे पारधी दिसेपर्यंत राखून ठेवतो.

पुढे दोघे जिवलग मित्र झाले, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. एकदा चौथीतल्या मुलीने विचारले, "सर, मग दुसऱ्या दिवशी बोक्याने काय खाल्ले?" परभाषिक शेजारात वाढणारी आपली मुले शेजाराविषयी भाबडी नसतात. मी निरुत्तर झालो.

मूळ कथेत सुटकेनंतर लोमश गोड शब्दांत मैत्रीचा आग्रह धरतो. पलित त्याचे उपकार मानतो, पण बिळाबाहेर येत नाही.

आता मी शेवट बदलत नाही. मुले हिरमुसतात, मग निम्मा वर्ग उंदराची बाजू घेतो, निम्मा बोक्याची, आणि तासाची घंटा कोणालाच ऐकू येत नाही.