गल्ल्यापलीकडून
(तुडील येथे महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी एखाद्या विदुषीचे व्याख्यान व्हावयाचे. त्या जागी यंदा महाडच्या एका दुकानात गल्ल्यावर बसणारी मी उभी आहे. तेव्हा बोलणेही गल्ल्यावरचेच होणार, हे अगोदर सांगून ठेवते.

आपल्या खाडीपट्ट्यातली पुरुषमाणसे बहुधा मुंबईला, नाही तर आखातात. पैसा बँकेत येतो आणि कार्ड असते सासूच्या किंवा सुनेच्या बटव्यात. मागच्या लग्नसराईत सत्तरीच्या एक काकी दुकानात आल्या. बिल झाले सहा हजारांवर. त्यांनी कार्ड पुढे सरकवले आणि खणखणीत आवाजात पिनचे चारही आकडे सांगून टाकले! मागे रांगेत सात-आठ माणसे. कार्डाच्या पाकिटावर पाहते, तो तेच आकडे बॉलपेनने लिहिलेले.

मी म्हटले, "काकी, आकडे तुम्हीच दाबा. मला सांगू नका."

काकींना राग आला. "अगो, तू काय परकी? तुझ्या आईला मी ओळखते. चोर का आहेस तू?"

आता ह्याला उत्तर काय द्यावे? मी चोर नाही, म्हणूनच मला तो आकडा नको. उद्या त्यांच्या खात्यातून पाचशे रुपये कमी झाले तर पहिले नाव माझे निघेल. मी घेतले नाहीत हे मी कशाने दाखवू? मालक म्हणतात गिऱ्हाईक दुखवू नकोस, रांग खोळंबते. पण अब्रू माझी जावयाची, मालकांची नव्हे.

खरी अडचण निराळीच होती. काकींना कळांवरचे आकडे दिसत नव्हते आणि चारचौघांत ते सांगण्याची लाज वाटत होती. मी गल्ल्याबाहेर आले, रांगेकडे पाठ करून आडोसा केला आणि त्यांचे बोट मधल्या कळेवर ठेवले. तिथे एक बारीक उंचवटा असतो. तो पाच. त्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. आठाच्या खाली शून्य. इतकी वर्षे मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बोटांना हे काय जड? दुसऱ्याच खेपेला जमले. रांगेने आकडा ऐकलाच होता, म्हणून तो त्याच दिवशी बँकेत जाऊन बदलावयास लावला.

कोणी म्हणेल, बँकाच लुटल्या जातात, तिथे आमच्या चार आकड्यांचे काय? लुटल्या जातात खऱ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतले बरेचसे बनावट कार्डांनी देशोदेशींच्या यंत्रांतून काढले गेले. पण ते नुकसान बँकेचे ठरले, खातेदारांचे नव्हे. आपण आपल्या तोंडाने आकडा सांगितला की गोष्ट पालटते. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला तो असा: दोष बँकेचाही नाही, आपलाही नाही, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तर आपल्याला तोशीस नाही. आपणच आकडा दुसऱ्याला दिला असेल, तर कळवीपर्यंत गेलेले सगळे आपले गेले. कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे रडण्यात जो तास जातो, तोही पैशाचाच.

भाच्याला कार्ड देऊन पाठविणाऱ्यांनी हे घरी जाऊन जरूर आठवावे. भाचा गुणी असेल. त्याच्या मित्रांची हमी कोण देणार?

आणखी एक. ज्या कार्डावर लाटांसारखी खूण आहे, ते यंत्राला नुसते टेकविले तरी चालते. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत त्याला पिन लागेनासा झाला. असे कार्ड हरवले तर नोटा हरवल्यासारखेच समजून लगेच बँकेला फोन करून ते बंद करावे. कोणी फसवून पैसे नेले असतील तर १९३० हा क्रमांक फिरवावा.

दुकानातले एक बंद पडलेले यंत्र मी मागून आणले आहे. ते तिकडे चहाच्या टेबलावर ठेवले आहे. चहा होईतो एकेकीने डोळे मिटून पाचाची कळ शोधून पाहावी. आपला खरा आकडा मात्र तिथे दाबू नये. शेजारणी बघत असतील.