आप्तांचे स्मरण आणि नावाची नोंद

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



युद्धात कामी आलेल्या आप्तांचे स्मरण कसे करावे, या विषयावर मी दोन शब्द बोलणार आहे. मी बँकेतला कारकून. विमानातले मला काही कळत नाही, पण नोंदीची किंमत कळते. रक्कम असूनही नोंद नसेल, तर ती नसल्यासारखीच. माणसाचेही तसेच होते.

पहिल्या महायुद्धातील वैमानिक इंद्रलाल रॉय याचे उदाहरण घेऊ. जन्म २ डिसेंबर १८९८, कलकत्ता. वडील बॅरिस्टर. आई ललिता रॉय धडाडीच्या. १९११ साली लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मिरवणुकीत त्या सामील होत्या. मुलगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला. नजर अधू म्हणून त्याला आधी नाकारले. तेव्हा त्याने आपली मोटरसायकल विकून मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली, असे सांगतात. १९१७ साली तो वैमानिक अधिकारी झाला. त्याच डिसेंबरात विमान कोसळले. मेला समजून त्याला शवागारात ठेवले, आणि तिथे तो शुद्धीवर आला, अशी हकीकत आहे. १९१८ च्या ६ ते १९ जुलै या दिवसांत त्याच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. त्यांपैकी काही सहकाऱ्यांसोबतचे. २२ जुलैला फ्रान्समध्ये जर्मन विमानांशी लढताना तो गेला. वय अवघे एकोणीस.

मित्रहो, मला युद्धाचे गुणगान करायचे नाही. ते साम्राज्याचे युद्ध होते, आणि पाडलेल्या विमानांतही कुणाची तरी मुले होती. पण त्या पोराची आठवण कशी टिकली, ते पाहा. मरणोत्तर पदक मिळाले. फ्रान्समधील एस्तव्हेल गावच्या स्मशानात त्याच्या समाधीवर फ्रेंचबरोबर त्याच्या मायबोलीत, बंगालीत लेख आहे. १९९८ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. नात्याने त्याचे भाचे लागणारे सुब्रतो मुखर्जी १९५४ साली वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. घर शिकलेले होते, कागद जपणारे होते. म्हणून नोंद राहिली.

आता दुसरी बाजू. इराकमधील बसरा येथे याच युद्धातील ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मारक आहे. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटण आणि पुढे नुसता आकडा! युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेच २०२१ च्या अहवालात मान्य केले, की हिंदुस्थान, आफ्रिका, इजिप्त येथील ४५ ते ५४ हजार मृतांच्या स्मरणात दुजाभाव झाला. मेल्यावरही माणसाची पायरी सुटली नाही.

हे आपल्याला परके नाही. इंद्रलाल वैमानिक झाला त्याच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. आपल्यातल्या कित्येक घरांतून आजे-पणजे पलटणीत गेले. त्यांची नावे आज कुणाला ठाऊक आहेत? फोटोला हार घातला, म्हणजे स्मरण झाले असे नाही. फोटोतला माणूस कोण, हे नातवाला सांगता आले पाहिजे.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. घरी गेल्यावर जुनी ट्रंक उघडा. पदक, पेन्शनचा कागद, पत्र, जे सापडेल ते जपा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि नाव, गाव, पलटण, साल एका वहीत लिहा. एक प्रत संस्थेकडे द्या. सांगणारी माणसे गेली, की ही नोंद कोणी करू शकणार नाही.

 जय भीम!