घरोघरीची जुनी दप्तरे



१९५६ पर्यंत आपला हा भाग हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. पुढे उस्मानाबादेत गेला, १९८२ पासून लातुरात आला. जिल्हे बदलले, दप्तरे विखुरली. निजामी आमदनीतील कागद बहुधा उर्दूत, गावकीचे मोडीत, वाचणारे विरळा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा जीर्ण पानांचे मोल सर्वांस उमगले.

आम्हांस मात्र सरकारी दप्तराहून घरच्या पेटीची चिंता अधिक वाटते. कसर लागली म्हणून किती खरेदीखते चुलीत गेली असतील! अशा कागदास चिकटपट्टी लावू नये, हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नये. सावलीत वारा देऊन सुती फडक्यात बांधावा. मोडी कागद असल्यास भोजनोत्तर आणावेत. आम्ही येथेच बसून वाचून देऊ.