डूलाली: देवळालीचा ताप

आज जरा मुंबईबाहेर जाऊ, पण फार लांब नाही. घाटकोपर-मुलुंडच्या फलाटावर लोकलची वाट बघत असताना समोरून धाडधाड करत नाशिककडच्या गाड्या जातात ना, त्याच रुळांवर कसारा, इगतपुरी करत पुढे गेलं की नाशिकच्या अलीकडे देवळाली लागतं. देवळाली म्हटलं की आपल्याला हवापालट आठवतो, जुने बंगले, सॅनेटोरियम. इंग्रजाला काय आठवतं? त्याच्या बोलीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला माणूस!

झालं असं. १८६० च्या दशकापासून देवळालीला गोऱ्या फौजेची मुक्कामाची छावणी होती. विलायतेहून बोटीनं आलेला सैनिक मुंबईत उतरला की आधी इथे, आणि नोकरीची मुदत संपून परत निघालेलाही इथेच. फौजेच्या खास बोटी होत्या. एकीचं नाव 'मलबार', एकीचं 'जमना'. पण त्या धावायच्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नाही. म्हणजे एखाद्याची मुदत एप्रिलात संपली, तर त्यानं दिवाळीपर्यंत बसून राहायचं. कवायत नाही, काम नाही. ऊन, मग चिखल, दारू आणि मलेरिया.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे आठवणींचं पुस्तक १९३६ साली आलं. त्यात तो या रिकामपणाबद्दल लिहितो. वर्षानुवर्षं नीट वागलेली माणसं घरी जायच्या तोंडावर बिघडायची, कुणी तुरुंगात जायचं, कुणाला गुप्तरोग जडायचा, कुणाचं डोकंच फिरायचं. त्याला ते म्हणायचे 'डूलाली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे दुसरं काही नाही, आपला ताप. डोक्याला ताप म्हणतो ना आपण, अगदी तोच!

आता, देवळालीत वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द पडला, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. मला ते फारसं पटत नाही. लष्कराचं मनोरुग्णांसाठीचं नावाजलेलं ठिकाण होतं विलायतेत, साउदम्प्टनजवळ नेटलीला. तिथल्या अवाढव्य लष्करी रुग्णालयात १८७० साली त्यासाठी वेगळी इमारत उघडली, 'डी ब्लॉक'. हिंदुस्थानातून आजारी होऊन परतलेले सैनिक नेटलीला उतरायचे. मग बघा, इथे ज्याचं मन ढळलं, त्याच्या उपचाराची जागा समुद्रापलीकडे. आणि तिकडे जायला? पुन्हा तीच बोट. ज्या वाट बघण्यानं माणूस आजारी पडला, तीच वाट बघायची.

बायका-मुलांचं आणखी वेगळं. शिपायाला लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागायची. परवानगीनं झालेलं लग्न असेल तर बायकोला पलटणीच्या यादीत जागा, राहायला खोली, शिधा, बोटीचा प्रवास. नाहीतर तिची जबाबदारी फौजेवर नाही.

पहिल्या महायुद्धात देवळालीचं रूप बदललं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उपचारांची इतकी दैना होती की पुढे चौकशी बसली. बसऱ्याहून जखमी आणि आजारी सैनिकांना घेऊन बोटी मुंबईला येत. १९१६ मध्ये वेल्समधल्या लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं एक रुग्णालय देवळालीला आलं: चौतिसावं वेल्श जनरल हॉस्पिटल. आधी ते कुठे होतं माहितीये? नेटलीला! रुग्णांना तिकडे न्यायचं सोडून रुग्णालयच इकडे आणलं.

पुढे बीबीसीनं देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिकाही काढली, १९७४ ते १९८१. लोक पोट धरून हसले. आजारपणाचा विनोद व्हायला शंभर वर्षं पुरली.

तोफखान्याची शाळाही देवळालीला आली, ती अजून आहे. लष्करी रुग्णालयही आहे. तिथे आता आपले जवान आणि त्यांची घरची माणसं जातात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी देवळाली कॅम्पातल्या नोकरीच्या, दवाखान्याच्या आठवणी असतील, आजी-आजोबांनी सांगितलेल्या, तर आम्हाला नक्की पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.