क्रौंचांची हरवलेली वाट

राजस्थानातील भरतपूर ग्वाल्हेरपासून फार दूर नाही. तेथील केवलादेवच्या पाणथळीत पूर्वी दर हिवाळ्यात सायबेरियन क्रौंच उतरत असत. शुभ्र देह आणि चेहरा लालबुंद. पंखांची काळी टोके मात्र उडतानाच नजरेस पडत.

या क्रौंचांचे जन्मस्थान पश्चिम सायबेरियात, ओब नदीच्या खोऱ्यातील दलदलीत होते. मादी बहुधा दोन अंडी घालते. परंतु सामान्यतः एकच पिलू जगते. थंडी पडू लागली की मातापिता त्या पिलास घेऊन दक्षिणेकडे निघत. अफगाणिस्तानातील आब-इ-इस्तादा सरोवरावर विसावा घेऊन, चार हजारांहून अधिक किलोमीटर अंतर तोडून ते भरतपुरास पोहोचत. उथळ पाण्यातील चिखलात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरावेत, हा त्यांचा येथील नित्यक्रम.

ही वाट पिलास उपजत ठाऊक नसते. पहिल्या प्रवासात मातापित्यांच्या मागोमाग उडत ते ती शिकते. म्हणून वाटेवर शिकाऱ्याच्या गोळीने एक जोडपे पडले, तर दोन पक्ष्यांबरोबर पुढच्या पिढीचा वाटाड्याही नाहीसा होतो.

1964-65 च्या हिवाळ्यात भरतपुरास सुमारे 200 क्रौंच होते. पुढे वाटेवरील शिकार आणि आटत चाललेल्या पाणथळी यांमुळे त्यांची संख्या घटत गेली. 1985 साली केवलादेव जागतिक वारसास्थान ठरले, तरी ही घट थांबली नाही. 1990 नंतरच्या दशकात माणसांनी वाढविलेले काही क्रौंच येथे सोडण्यात आले. पण रानक्रौंचांबरोबर ते उत्तरेस गेले नाहीत. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटचे जोडपे आले. त्यानंतर भरतपुरास त्यांची प्रतीक्षाच उरली.

ही जात मात्र अद्याप नष्ट झालेली नाही. ईशान्य सायबेरियातील याकुतियात जन्मणारे काही हजार क्रौंच चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात. हिवाळ्यात तेथील पाणी ओसरते आणि कंदांनी भरलेला चिखल उघडा पडतो. जवळजवळ साऱ्या जातीचा भार आज या एका सरोवरावर आहे. म्हणूनच तेथील पाण्याची चढउतार अबाधित राहणे अगत्याचे आहे.

भरतपूरची राखण झाली, पण भरतपुरास येणाऱ्या वाटेची झाली नाही. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचे घर एका कुंपणात मावत नाही. जन्मभूमी, विसाव्याचे तळे आणि हिवाळी पाणथळ यांपैकी एक जरी निखळले, तरी उरलेली दोन त्याला तारू शकत नाहीत.