जड पाणी, खारं पाणी आणि आपली बोअर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कौतुकाची भाषणं झाली, आता थोडं कामाचं बोलू. समितीने मला पाण्यावर बोलायला सांगितलं आहे. कारण उघड आहे. येत्या सर्वसाधारण सभेत इमारतीसाठी मोठा सॉफ्टनर बसवायचा ठराव येणार आहे आणि त्याची वर्गणी प्रत्येक सदनिकेवर बसणार आहे. माझी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. अर्ज समोर आला की आम्ही आधी विचारायचो, पैसे नेमके कशासाठी हवेत? तोच प्रश्न इथे विचारायचा आहे.

तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत. साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल टिकत नाही, नळांवर आणि काचेवर पांढरे डाग पडतात. तळमजल्यावरच्या काकी तर दर उन्हाळ्यात म्हणतात, "ह्या पाण्यान डाळ शिजणा नाय." काकींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. साबणाचंही तसंच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून त्याचा साका करतात. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणायचे.

पण गंमत बघा, आपल्या जिल्ह्यात पाणी जड असायचं फारसं कारणच नाही. आपला दगड जांभा. हजारो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना केव्हाच धुऊन नेला आहे. तळकोकणात समुद्रापासून आत, जांभ्यातल्या विहिरींचं पाणी हलकं असतं. मग आपल्या बोअरला हा जडपणा आला कुठून?

गेल्या वर्षी समितीने दोनदा पाणी तपासून घेतलं, ते आकडे ऐका. नोव्हेंबरात एका लिटरमागे कठीणपणा १९० मिलिग्रॅम, क्लोराइड ११०, एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, ४२०. मे महिन्यात कठीणपणा ४१०, क्लोराइड ६४०, टीडीएस १४००. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणा २००, क्लोराइड २५० आणि टीडीएस ५०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे ६००, १००० आणि २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे दिवाळीनंतर आपलं पाणी तिन्ही कसोट्यांत पास आणि मे महिन्यात तिन्हीत काठावर.

या हिशेबात सगळ्यात जास्त फुगलेली रक्कम क्लोराइडची आहे. कठीणपणा दुपटीने वाढला, क्लोराइड जवळजवळ सहापट. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ हजार मिलिग्रॅम क्लोराइड असतं. त्रैराशिक मांडा. आपल्या बोअरच्या शंभर लिटर पाण्यात तीन लिटरसुद्धा समुद्र मिसळलेला नाही आणि तेवढ्याने ही अवस्था झाली. जडपणाही त्याच वाटेने येतो, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असतं. म्हणजे आपला मूळ आजार मचूळ पाण्याचा आहे, जडपणा हे त्याचं एक लक्षण.

समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. चारी बाजूंनी समुद्र, तरी आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पर्यटकांना तो चमत्कार वाटतो. त्यामागचा नियम हॉलंडच्या घायबेन आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि १९०१ साली स्वतंत्रपणे मांडला. पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. याची दुसरी बाजू महत्त्वाची. उपसून वरची पातळी एक फूट उतरवली, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर येऊ शकतं. किल्ल्यावर शतकानुशतकं दोर आणि कळशी होती. आपण तीन अश्वशक्तीची मोटर लावून टाकी भरेपर्यंत सलग चालवतो.

आता सॉफ्टनर. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी थकले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. फेस येईल, गिझर वाचेल, हे खरं. पण क्लोराइड तेवढंच राहणार, टीडीएस तेवढाच राहणार. उलट कठीणपणाच्या दर १०० मिलिग्रॅममागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढणार. आपल्यात माझ्या वयाचे, रक्तदाबाची गोळी घेणारे किती आहेत ते मोजा. शिवाय धुतलेलं मिठाचं पाणी सोडायचं कुठे? शोषखड्ड्यात सोडलं तर फिरून बोअरलाच येणार. विक्रेत्याच्या पत्रकात यातलं एक अक्षर नाही. माझ्या मते ठराव या स्वरूपात मंजूर करू नये.

मग काय करावं? संस्थेपुरत्या चार गोष्टी सुचवतो.

एक, बोअरची मोटर एकदम तीन तास न चालवता दिवसातून चार वेळा थोडी थोडी चालवावी, लहान मोटरने. टायमरचा खर्च किरकोळ आहे. मधल्या वेळात गोडं पाणी सावरतं.

दोन, गच्चीचं पाणी साठवावं. आपला स्लॅब सुमारे ४०० चौरस मीटर. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वीस टक्के वाया गेला धरला तरी साडेनऊ लाख लिटर होतात. सगळं साठवता येणार नाही, पण गाळणीसह एक बंद टाकी बांधली तर चैत्र-वैशाखात डाळीपुरतं, चहापुरतं पाणी घरचं असेल. उरलेलं जमिनीत मुरवावं. मात्र नुसतं मुरवून मे महिना तरेल असं समजू नका. आषाढात जमीन आधीच भरलेली असते आणि मुरलेलं पाणी हळूहळू समुद्राकडे जातंच.

तीन, बोअर आणखी खोल मारण्याचा विचार सोडावा. खाली आहे ते खारंच. मागच्या वाडीतल्या विहिरीही याच साठ्यावर आहेत. आपण जादा ओढलं तर आधी त्यांचं पाणी मचूळ होईल, आणि त्यांच्याकडे सॉफ्टनरची वर्गणी भरायला कोणी नाही.

चार, नोव्हेंबर आणि मे अशी वर्षातून दोनदा तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. आकडे सूचनाफलकावर लावावेत.

घरात करायच्या गोष्टी भगिनींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, तरी सांगतो. गिझर ५० अंशांवर ठेवा. पाणी जेवढं कडक तापवाल तेवढे क्षार जास्त बसतात. नळाच्या जाळीला आणि किटलीला व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी अर्धा तास लावून ठेवा. ॲसिडची बाटली नको, नळाचं पॉलिश जातं. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. डाळीला चिमूटभर खायचा सोडा चालेल. खोबरेलाच्या साबणाला जड आणि खाऱ्या पाण्यातही फेस येतो. जहाजावरचे खलाशी म्हणूनच तो वापरत, आणि खोबरेल तर आपल्या दारचं. आरओ असेल तर उन्हाळ्यात जरूर वापरा, पण फेकलं जाणारं पाणी संडासाला घ्या, झाडांना नको. नोव्हेंबरात टीडीएस ४२० असताना आरओची गरज नाही.

आणि जड पाण्याने मुतखडा होतो म्हणून कोणी घाबरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही.

मंडळी, जमिनीखालचं गोडं पाणी ही ठेव आहे. दर पावसाळ्यात निसर्ग व्याज जमा करतो. व्याजावर भागवलं तर ठेव नातवंडांपर्यंत पोचेल, मुद्दलाला हात घातला तर खाली समुद्र वाट बघतोच आहे. सभेला सर्वांनी यावं, आकडे बघावेत आणि मगच हात वर करावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.