भोंडल्याचीं गाणीं आणि मुलांची स्मरणशक्ति



लहान मुलांची स्मरणशक्ति वाढावी म्हणून काय करावें, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार विचारला जातो. त्याचें एक उत्तर आपल्या अंगणांतच आहे. तें म्हणजे भोंडला, ऊर्फ हादगा.

सूर्य हस्त नक्षत्रांत गेला कीं पाटावर हत्तीचें चित्र काढून मुली त्याभोंवतीं फेर धरीत. पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, असें करीत सोळाव्या दिवशीं सोळा गाणीं होत. म्हणजे पहिलें गाणें सोळा वेळां म्हटलें जाई, आणि सर्व मिळून १३६ आवर्तनें होत. एकाच बैठकींतल्या घोकंपट्टीपेक्षां अनेक दिवसांवर विभागलेली उजळणी अधिक टिकते, असें जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस ह्यांनीं १८८५ सालीं प्रयोगानें दाखविलें. भोंडल्याचा क्रम हाच आहे.

गाण्यांची रचनाहि स्मृतीस साह्य करते. माहेरीं जाऊं पाहणाऱ्या सुनेस सासू कारल्याचें बीं पेरावयास सांगते. मग वेल, मग फूल, मग कारलें, मग भाजी. पुढचें कडवें कोणतें, हें कथाच सुचविते. तालावर पडणारें पाऊल शब्दाला जागा दाखवितें. आणि एकीचा शब्द अडला तर शेजारणीचा आवाज तिला सांवरून नेतो.

मात्र गाण्यानें सगळीच बुद्धि वाढते, असें म्हणणें योग्य नव्हे. हाँगकाँग येथील २००३ सालच्या एका अभ्यासांत, संगीत शिकणाऱ्या मुलांस ऐकलेले शब्द इतरांहून अधिक आठवले; चित्रांच्या बाबतींत तसा फरक दिसला नाहीं.

आज शहरांत भोंडला बहुधा एकाच सायंकाळीं, पुस्तिका हातीं धरून उरकला जातो. त्यानें गाणीं कागदावर राहतात, मुखीं राहात नाहींत. शिवाय चाल कागदावरून शिकतां येत नाहीं. ती ज्या आजींच्या कंठांत आहे, त्या आपल्यांत आहेत तोंवरच ती घेतली पाहिजे.

सोळा दिवस न साधले, तरी घटस्थापनेपासून नऊ दिवस साधावे. रोज एकच गाणें वाढवावें. मुलगेहि फेरांत घ्यावे. आणि खिरापतीचें झांकण उघडण्यापूर्वीं पुस्तिका मिटून, आदल्या दिवशींचें गाणें मुलांकडून म्हणवून घ्यावें.